लोखंडाची कढई आणि कोळशातला नायट्रोजन

1706 च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा एक रंग बनवणारा कारागीर किरमिजी भुकटी तयार करत होता. कृती नेहमीचीच होती. किरमिजी किड्यांचा अर्क काढायचा, त्यात तुरटी आणि हिराकस घालायचा आणि रंग तळाशी बसवायला वरून पोटॅश टाकायचं. हे पोटॅश त्याने डिपेल नावाच्या किमयागाराकडून आणलं होतं, आणि डिपेलने ते आधी जनावरांच्या रक्तापासून काढलेल्या तेलाच्या शुद्धीकरणात वापरलेलं होतं. भांड्याच्या तळाशी किरमिजी साका बसायचा तो बसला गडद निळा. पुढे श्टाल या रसायनज्ञाने ही हकिगत लिहून ठेवली. हा निळा म्हणजेच प्रशियन ब्लू.

या गोष्टीतला रंग सगळ्यांना माहीत असतो. त्या काळात ज्याला नावसुद्धा नव्हतं, त्या पदार्थाकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. रक्तातल्या प्रथिनांत नायट्रोजन असतो. ते रक्त पोटॅशबरोबर तापवलं की कार्बन आणि नायट्रोजन एकमेकांना घट्ट धरतात आणि सायनाइड तयार होतं. हिराकशीतलं लोखंड त्याला येऊन मिळालं आणि निळा रंग उतरला. नायट्रोजन वेगळा वायू म्हणून ओळखला गेला 1772 मध्ये, म्हणजे या घटनेनंतर सहासष्ट वर्षांनी. कार्बन, नायट्रोजन आणि लोखंड हे त्रिकूट मात्र तिथेच जमलं होतं. नायट्रोजन मिसळलेल्या सक्रिय कोळशाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या तिघांमध्ये श्रेय कुणाचं, याचा लांबलेला वाद आहे, असं मला वाटतं.

निळ्याची कृती बरीच वर्षं गुपित राहिली. 1724 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जॉन वुडवर्डने ती छापली आणि मग युरोपभर कारखाने निघाले. हे कारखाने म्हणजे गावाबाहेर ठेवण्याचीच चीज होती. बिडाच्या जाड कढईत पोटॅश लालभडक होईपर्यंत वितळवायचं आणि त्यात सुकवलेलं रक्त, खूर, शिंगांचे तुकडे, कातड्याच्या कातरणी असं जे मिळेल ते थोडं थोडं टाकत राहायचं. ढवळणंही लोखंडाचंच. अमोनियाने डोळे चुरचुरायचे आणि जळक्या शिंगांचा वास कपड्यांतून जायचा नाही. लोखंड वेगळं नाही घातलं तरी कढईचंच थोडं थोडं झिजून मिश्रणात उतरायचं. रस थंड झाला की पाण्यात विरघळवायचा. गाळलेल्या पाण्यातून पिवळे स्फटिक मिळायचे आणि गाळणीवर काळा चोथा उरायचा.

या चोथ्याच्या जातीच्या कोळशाची खरी किंमत कळली ती साखरेच्या धंद्यामुळे. नेपोलियनच्या काळात इंग्लंडची नाकेबंदी झाली, वेस्ट इंडीजची साखर फ्रान्समध्ये येईना आणि बिटाची साखर करायची वेळ आली. बिटाचा रस काळपट असतो. तो पांढरा करायला हाडांचा कोळसा वापरू लागले. फिगिए या माँपेलिएच्या औषधनिर्मात्याने 1811 मध्ये हाडांच्या कोळशाचा रंग ओढून घेण्याचा गुण दाखवला आणि लगेच साखर कारखान्यांनी तो उचलला. मग कुठला कोळसा चांगला याची चढाओढ सुरू झाली. 1822 मध्ये आंत्वान ब्युसीने निरनिराळ्या कोळशांची पद्धतशीर तुलना केली. त्याला असं दिसलं, की रक्त पोटॅशबरोबर भाजून केलेला कोळसा हाडांच्या कोळशापेक्षा वीस ते पन्नास पट अधिक रंग ओढून घेतो.

याचं कारण आज सांगता येतं. तापलेलं पोटॅश कोळशाला कुरतडतं. या कुरतडण्यातून डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पडतात, काही तर एका रेणूला जेमतेम जागा होईल एवढीच. या भोकांच्या भिंतींचं क्षेत्रफळ मोजलं तर चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरहून जास्त भरतं. ब्युसीच्या कोळशात ही भोकं होती आणि रक्तातून आलेला नायट्रोजनही होता. ब्युसीला भोकांची कल्पना अंधुकशी होती, नायट्रोजनकडे त्याचं लक्ष नव्हतं. ते असण्याचं कारणही नव्हतं, त्याला साखर पांढरी करायची होती.

पुढची शंभर वर्षं झपाट्याने ओलांडली तरी चालतील. 1900-01 च्या सुमारास राफाएल फॉन ऑस्ट्रेयकोने वाफेने आणि क्षारांनी कोळसा सक्रिय करण्याची पेटंटं घेतली. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला, झेलिन्स्कीने रशियात कोळशाचा मुखवटा बनवला आणि अमेरिकेत नारळाच्या करवंट्या व पीचच्या बिया गोळा होऊ लागल्या. धंदा मोठा झाला आणि रक्ताचा कोळसा औषधाच्या दुकानातल्या बाटलीपुरता उरला.

त्या बाटलीतूनच गोष्ट पुन्हा बर्लिनला येते. ओटो वारबुर्ग हा दालेमच्या कैसर विल्हेल्म संस्थेत काम करणारा जीवरसायनज्ञ. पेशी श्वास कसा घेते, म्हणजे शरीराच्या साध्या तापमानाला अन्न ‘जळतं’ कसं, हा त्याचा प्रश्न होता. महायुद्धाच्या तोंडावर त्याला दिसलं, की रक्ताच्या कोळशाच्या पृष्ठभागावर ऑक्झॅलिक आम्लाचं ऑक्सिडेशन साध्या तापमानालाच होतं. पेशी करते तेच काम निर्जीव कोळसा करत होता. मग युद्ध आलं आणि हा गृहस्थ घोडदळात भरती होऊन आघाडीवर गेला. 1918 मध्ये आइन्स्टाइनने पत्र लिहून त्याला समजावलं, की तुझी जागा कोणीही घेईल, तू प्रयोगशाळेत परत ये. आइन्स्टाइनच्या कामगिरीची यादी करताना हे पत्र लोक विसरतात.

परत आल्यावर वारबुर्गने जे काम केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. त्याची उपकरणं साधी होती. काचेचं लहान भांडं, त्यात कोळशाची चिमूट आणि अमिनो आम्लाचं द्रावण. भांड्याला जोडलेली बारीक नळी, नळीत रंगीत द्रव. भांडं कोमट पाण्यात सतत हलत ठेवायचं. ऑक्सिजन वापरला गेला की भांड्यातला दाब घटतो आणि नळीतला द्रव वर सरकतो. दर काही मिनिटांनी तो किती सरकला ते टिपायचं, बस. ‘वारबुर्गचं उपकरण’ म्हणून पुढे जगभरच्या जीवरसायनाच्या प्रयोगशाळांत हेच वापरलं गेलं.

आता त्यात विष घालायचं. गुंगी आणणारी द्रव्यं घातली तर कोळशाचं काम मंदावतं, पण त्यासाठी द्रव्य बरंच लागतं, कारण ते सगळा पृष्ठभाग अडवून बसतं. हायड्रोजन सायनाइड मात्र अगदी लेशमात्र पुरतं. इतक्या थोड्या विषाने एवढं काम थांबतं, याचा अर्थ सगळा पृष्ठभाग काम करत नाही. मोजक्या जागा करतात आणि सायनाइड नेमकं तिथे जाऊन बसतं. सायनाइडची लोखंडाशी जवळीक तर बर्लिनच्या निळ्यापासून माहीत होती. म्हणून वारबुर्गने शुद्ध साखरेपासून कोळसा केला. तो जवळजवळ निष्क्रिय निघाला. त्यावर लोखंडाचा क्षार चढवला, तरी फारसा उपयोग झाला नाही. रक्तातल्या लाल द्रव्यापासून, हेमिनपासून केलेला कोळसा मात्र तडफेने काम करू लागला. 1924 मध्ये ब्रेफेल्ड या सहकाऱ्याबरोबर त्याने जो निबंध छापला त्याचं शीर्षकच होतं, नायट्रोजनयुक्त कोळशांचं लोखंडामुळे होणारं सक्रियण. एकटं लोखंड पुरत नाही, एकटा नायट्रोजनही पुरत नाही. कोळशात नायट्रोजन असेल आणि त्याला लोखंड चिकटलं असेल, तरच ती जागा काम करते. केंब्रिजमध्ये रिडील आणि राइट यांनीही पुढच्या दोनेक वर्षांत कोळशावरच्या मोजमापांतून हेच ताडलं.

1931 चं नोबेल वारबुर्गला मिळालं ते पेशीतल्या श्वसन-एन्झाइमसाठी. कोळसा ही त्याच्या दृष्टीने शिडी होती, वर पोहोचल्यावर त्याने ती बाजूला ठेवली. रसायनज्ञांनी तरी ती उचलायला हवी होती. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातली सगळ्यात महाग दिरंगाई ही आहे. निबंध जर्मनमध्ये होता, जीवरसायनाच्या नियतकालिकात होता, आणि ज्यांना पुढे इंधनघट, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणारे घट, बनवायचे होते ते लोक ते नियतकालिक उघडतच नव्हते.

मधल्या काळात स्कॉटलंडमध्ये एक गंमत झाली. 1928 मध्ये ग्रेंजमाउथच्या रंगाच्या कारखान्यात एका पांढऱ्या रसायनात निळसर-हिरवी भेसळ दिसू लागली. शोध घेतल्यावर कळलं, की लोखंडी भांड्याचं आतलं मुलाम्याचं अस्तर तडकलं होतं आणि उघडं पडलेलं लोखंड अमोनिया लागलेल्या मिश्रणात उतरत होतं. नायट्रोजनच्या कड्यात मधोमध बसलेला लोखंडाचा अणू, असा तो पदार्थ होता. थॅलोसायनिन या नावाने तो रंगद्रव्य म्हणून प्रसिद्ध झाला. 1964 मध्ये अॅलिस-चाल्मर्स कंपनीतल्या रेमंड जॅसिन्स्कीने याच कुळातलं, लोखंडाऐवजी कोबाल्ट असलेलं द्रव्य इंधनघटात वापरून पाहिलं. ऑक्सिजनचं पाणी होण्याची क्रिया प्लॅटिनमशिवाय चालली. निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि वारबुर्गने चाळीस वर्षांपूर्वी दाखवलेली दिशा नव्याने सापडली. पुढे 1970 च्या दशकात जर्मनीत लक्षात आलं, की असं द्रव्य कोळशावर चढवून आठशे अंशांच्या आसपास भाजलं तर ते जास्त टिकतं. एवढ्या तापमानाला त्या सुबक रेणूचं फारसं काही शिल्लक राहत नाही. मग काम करतंय कोण, हा प्रश्न आलाच.

इथे पॉलिमर येतो. त्याची वाट आधीच दोन दिशांनी तयार झाली होती.

पहिली दिशा पॅरिसची. 1947 ते 1950 या काळात रोझलिंड फ्रँकलिन तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत कोळशांवर क्ष-किरणांचं काम करत होत्या. डीएनएच्या गोष्टीमुळे त्यांचं नाव घरोघरी पोहोचलं, पण कार्बनवाले त्यांना वेगळ्याच कारणासाठी मानतात. पॉलिव्हिनाइल क्लोराइड जाळून केलेला कोळसा पुरेसा तापवला की ग्रॅफाइट होतो, त्याचे पापुद्रे नीट एकावर एक बसतात. त्याचाच भाऊबंद असलेला पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड मात्र तीन हजार अंशांना नेला तरी ग्रॅफाइट होत नाही. त्याचे पापुद्रे वेडेवाकडे, एकमेकांना आडवे अडकलेले राहतात आणि मध्ये पोकळ्या उरतात. 1951 च्या त्यांच्या निबंधाने एक गोष्ट पक्की केली: कोळसा कसा होणार हे त्याच्या आधीच्या पदार्थाच्या रेणूत ठरलेलं असतं. लाकूड, करवंटी, रक्त यांचा रेणू आपण निवडू शकत नाही. पॉलिमरचा निवडू शकतो.

दुसरी दिशा कापडाची. पॉलिअॅक्रिलोनायट्राइल, म्हणजे स्वेटरच्या अॅक्रिलिक लोकरीतला पॉलिमर. याच्या वजनाचा सव्वीस टक्क्यांहून जास्त भाग नायट्रोजन असतो. 1950 मध्ये ड्यू पाँट कंपनीच्या हूट्झने नोंदवलं, की हा धागा हवेत दोनशे अंशांना ठेवला तर पिवळा, तपकिरी आणि शेवटी काळा पडतो, पण वितळत नाही, आणि मग ज्योतीत धरला तरी पेटत नाही. साखळीच्या बाजूला लोंबणारे नायट्राइलचे गट शेजाऱ्याशी जोडले जातात आणि कडी तयार होत जातात, त्यात नायट्रोजन बसलेला असतो. ओसाकाच्या सरकारी संस्थेत अकिओ शिंदो यांनी आणि पाठोपाठ इंग्लंडमध्ये फार्नबरोला विल्यम वॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात याच धाग्यापासून कार्बन फायबर बनवलं. विमानं, सायकली, रॅकेट, सगळं त्यातून आलं.

पण या मंडळींना नायट्रोजन नको होता. बळकट धागा हवा तर कार्बनचे पापुद्रे निर्दोष हवेत, आणि नायट्रोजन म्हणजे त्यातली गाठ. म्हणून धागा हजार अंशांच्या वर नेऊन तो हाकलून द्यायचा. जाताना तो कसा जातो? काही साध्या नायट्रोजन वायूच्या रूपात आणि काही हायड्रोजन सायनाइडच्या. कार्बन फायबरच्या भट्टीचा धूर म्हणूनच जाळून मगच बाहेर सोडावा लागतो. एका उद्योगाने सायनाइडसाठी रक्त भाजलं, दुसऱ्याला लोकर भाजताना ते नको असताना मिळालं.

या दोन्ही दिशा क्लीव्हलंडमध्ये एकत्र आल्या. अर्नेस्ट येगर हे विद्युतरसायनातलं मोठं नाव. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात त्यांच्या गटाने 1989 मध्ये एक जवळजवळ उद्धट वाटावा असा प्रयोग छापला. पहिलं नाव होतं एस. गुप्ता. त्यांनी महागडं थॅलोसायनिन टाकूनच दिलं. पॉलिअॅक्रिलोनायट्राइल घेतलं, काजळी घेतली, लोखंडाचा किंवा कोबाल्टचा साधा क्षार घेतला आणि सगळं एकत्र भाजलं. उत्प्रेरक तयार झाला, आणि कामालाही लागला. नायट्रोजनच्या कड्यात धातूचा अणू आधीपासून बसवून आणायची गरजच नव्हती. कार्बन, नायट्रोजन आणि लोखंड एकत्र तापवा, ती जागा आपली आपण जमते. डीसबाखने आणि वारबुर्गच्या हेमिनने जे अजाणता केलं होतं ते आता जाणून, मोजून करता येत होतं.

पॉलिमरने आणलेला फरक हाच, आणि तो छोटा नाही. रक्तात नायट्रोजन किती, लोखंड किती, मीठ किती, हे जनावरागणिक बदलतं. पॉलिमरमध्ये तो किती आणि कुठे आहे हे सूत्रात लिहिलेलं असतं. मग पॉलिअॅनिलीन आलं, पॉलिपायरोल आलं. वीजवाहक पॉलिमर म्हणून ही मंडळी आधीच नावाजलेली होती. 2011 मध्ये लॉस अॅलमॉसमध्ये पिओत्र झेलेने यांच्या गटाने पॉलिअॅनिलीन, लोखंड आणि कोबाल्ट भाजून केलेला उत्प्रेरक ‘सायन्स’मध्ये मांडला. इंधनघटात तो 0.4 व्होल्टला सातशे तास टिकला आणि प्लॅटिनमच्या बराच जवळ गेला. त्याआधी 2009 मध्ये क्वेबेकच्या दोदले यांनी अशी जागा नेमकी सूक्ष्म भोकांत जमते हे दाखवलं होतं. म्हणजे ब्युसीची भोकं आणि वारबुर्गचं लोखंड एकाच ठिकाणी भेटले.

त्याच 2009 मध्ये वाद पेटला. अमेरिकेत डेटन विद्यापीठातल्या लिमिंग दाई यांच्या गटाने सांगितलं, की नायट्रोजन मिसळलेल्या कार्बन नलिका धातूशिवायच ऑक्सिजनची क्रिया घडवतात. नलिका बनवल्या होत्या लोखंडाच्या थॅलोसायनिनपासून, आणि लोखंड नंतर काढून टाकलं होतं. यानंतर ‘धातुविरहित’ कोळशांची लाटच आली. पॉलिमर भाजा, नायट्रोजन मोजा, छापा. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये थंड पाणी ओतलं: धातुविरहित समजल्या जाणाऱ्या अशा कोळशात धातूचा अगदी लेश राहिला तरी त्याचं काम वाढतं. आणि लेश कुठूनही येतो, क्षारातून, भट्टीच्या नळीतून, भांड्यातून. कढईचं लोखंड झिजतच होतं! उलट बाजूही खरी आहे. 2016 मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात स्वच्छ ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर ठरावीक जातीचा नायट्रोजन बसवून पाहिला, तेव्हा कड्याच्या काठावर दोन कार्बनांमध्ये बसलेला नायट्रोजन धातूवाचूनही थोडंफार काम करतो असं दिसलं. मात्र ‘थोडंफार’ आणि ‘प्लॅटिनमच्या तोडीचं’ यांत अंतर आहे, आणि आम्लात तर ते फारच आहे.

श्रेयाचा असाच घोळ कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीतही झाला. स्पेनमध्ये ओव्हिएदोच्या राष्ट्रीय कोळसा संस्थेत मार्ता सेव्हिया आणि आन्तोनियो फुएर्तेस यांनी 2011 मध्ये पॉलिपायरोलपासून सक्रिय कोळसा केला. पॉलिमर आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड एकास दोन प्रमाणात मिसळायचं आणि सहाशे अंशांना भाजायचं. हा कोळसा 25 अंशांना, साध्या दाबाखाली, ग्रॅममागे 3.9 मिलिमोल, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साधारण सतरा टक्के कार्बन डायऑक्साइड धरत होता. आम्लधर्मी वायू, अल्कधर्मी नायट्रोजन, दोघांचं जमलं, असा सरळ अर्थ सगळ्यांनी काढला. दोन वर्षांनी याच गटाने सारख्या भोकांचे, पण नायट्रोजन असलेले आणि नसलेले कोळसे शेजारी शेजारी मोजले आणि लिहिलं, की फरक भोकांच्या रुंदीने पडतो, नायट्रोजनने नाही. आपणच लोकप्रिय केलेलं स्पष्टीकरण आपणच खोडणं सोपं नसतं. त्यांनी ते केलं.

कारागिराला हा पेच हाताला जाणवतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापमान वाढवलं की भोकं वाढतात. पृष्ठभाग ग्रॅममागे तीन हजार चौरस मीटरपर्यंतही नेता येतो. पण कुरतडताना ते आधी नायट्रोजनच्याच जागा खातं. भोकं हवीत तर नायट्रोजन जातो, नायट्रोजन राखायचा तर भोकं कमी पडतात. सहाशे ते आठशे अंशांच्या दरम्यान कुठेतरी सौदा करावा लागतो.

या सौद्यातला एक हुशार तोडगा पुण्याचा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने 2014 मध्ये अॅक्रिलामाइड आणि अॅक्रिलिक आम्ल यांच्या सहपॉलिमरचा पोटॅशियम क्षार घेतला आणि नुसता भाजला. वरून काहीही मिसळलं नाही. भोकं पाडणारं पोटॅशियम साखळीतच बसलेलं, नायट्रोजनही अॅक्रिलामाइडच्या रूपाने साखळीतच. वीज साठवणाऱ्या सुपरकॅपॅसिटरसाठी लागणारा सच्छिद्र कार्बन एका टप्प्यात तयार झाला. रक्त वेगळं आणि पोटॅश वेगळं, अशी जी कृती होती ती इथे एका रेणूत लिहिली गेली.

आज रस्त्यावर धावणाऱ्या हायड्रोजनच्या गाड्यांत अजून प्लॅटिनमच आहे, कारण नायट्रोजन-लोखंडाच्या जागा आम्लात हळूहळू झिजतात. या विषयावर रोज नवे निबंध येतात. तुमच्यापैकी कुणी विद्यार्थी असाल आणि ‘धातुविरहित’ असं शीर्षक दिसलं, तर आलेख पाहण्याआधी लोखंड मोजलंय का आणि किती बारकाईने, ते शोधा. मोजलं नसेल, तर नायट्रोजनला दिलेलं श्रेय तूर्त खात्यावर जमा करू नका.